बिनपंख्याचा कॉम्प्युटर

१

सकाळी कामाला बसण्याआधी मी एक मिनिट काहीच करत नाही. दार लावतो, खिडकी लावतो, मोबाइल बाहेर स्टुलावर ठेवतो, माइक चालू करतो आणि खोलीची शांतता रेकॉर्ड करतो. लोकांना वाटतं शांतता म्हणजे काही नसणं. पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि माझ्या धंद्यात ती हाताशी लागते. मी बोलक्या पुस्तकांची सफाई करतो. वाचणारा खोकला आणि तो खोकला कापला, तर तिथं भोक पडतं; त्यावर ठिगळ लावायचं ते या शांततेचं. शिवाय तिचा नमुना प्रोग्रामला एकदा दाखवला, की सगळ्या वाचनातून तेवढी खरखर तो वजा करून देतो. शांततेचा आकडा पडद्यावर दिसतो. तो उण्यात असतो, आणि जितका खाली तितकं बरं. बावीस वर्षं मी तो रोज वहीत लिहीत आलो आहे.

"लोक सकाळी पेपर वाचतात," बायको म्हणायची, "आमच्याकडे मुकाट बसून आकडा वाचतात."

तिनं एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. अख्खी गल्ली तिला बाई म्हणते, म्हणून मीही बाईच म्हणतो. गेल्या वर्षी तिचा घसा बसला तो उठलाच नाही. आधी आम्ही काढे केले, मग गोळ्या, आणि शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची पुढं ओढून घेतात तेव्हा काय सांगणार ते ऐकायची गरज नसते. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.

तिथल्याच एका वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी एक वाट दाखवली. आवाज जायच्या आधी साडेतीनशे वाक्यं रेकॉर्ड करून एका संस्थेला पाठवायची. ते त्यातून आवाज घडवून देतात. मग हिनं टाइप केलं, की मशीन हिच्याच आवाजात बोलणार. नाहीतर मशीनमध्ये एक तयार, परकी बाई असतेच.

"ती परकी बाई मला घरात नको," बायको म्हणाली. "तुमच्याशी भांडायचं तर माझ्याच आवाजात."

फक्त एक अट होती. खोलीचा आकडा उणे साठच्या खाली हवा. प्रत्येक वाक्य पाठवलं, की संस्थेचं पान हिरवी खूण करी किंवा लाल फुली. माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा पीठगिरणीसारखा चालायचा. आकडा होता उणे बावन्न. पहिल्या दिवशी तिनं घसा फाडून वीस वाक्यं वाचली आणि वीसच्या वीस लाल झाली.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, स्टुडिओत न्या ना तिला." पण दिवसाला वीस वाक्यांच्या वर तिला बोलवत नव्हतं, आणि तीही घोटघोट पाणी पीत, आडवं होत. स्टुडिओ तासावर चालतो, घशावर नाही.

२

मग मी कॉम्प्युटर शोधायला निघालो. ज्याच्या कानावर घर चालतं त्यानं डोळ्यांनी खरेदी करू नये. मी दुकानादुकानांत खोक्यांना कान लावत फिरलो. एका ठिकाणी तर विक्रेत्यानं मला बसायला देऊन पाणी विचारलं, त्याला वाटलं चक्कर आली. मोठा पंखा हळू फिरतो म्हणून कमी बोलतो, पण बोलतो. फिरत्या चकतीऐवजी चिप घातली तर गुरगुर जाते, पण वीज पुरवणारा डबा बारीक किणकिण करतो, आणि ती किणकिण मला दातात ऐकू येते. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत ठेवून लांब वायर ओढावी म्हटलं, तर आमची दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर.

शेवटी एका वहीपुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर एक जुळणीवाला सापडला. सुटे भाग आणून हवा तसा कॉम्प्युटर बांधून देणारा, पन्नाशीचा, अगदी हळू बोलणारा माणूस. त्याच्या टेबलावर एक काळा ठोकळा होता, चहूबाजूंनी धातूच्या पट्ट्यांचा.

"पंखा नाही यात," तो म्हणाला. "उष्णता अंगातूनच जाते. फिरणारं काहीच नाही."

"चालू करून दाखवा."

"मघापासून चालूच आहे, काका."

मी कान लावला. पट्ट्या कोमट होत्या. आत काही म्हणजे काही नव्हतं. इतकं, की मी कान काढून आधी स्वतःच्या कानाशी चुटकी वाजवून पाहिली.

"कुणाचा आहे?"

"एकांनी बांधून घेतला होता. महिनाभरानं परत ठेवून गेले. म्हणाले, घर फार शांत झालं."

"ही तक्रार असेल तर मला दोन द्या," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्यानं ठोकळा जुन्या चादरीत गुंडाळून दिला.

३

पहिल्याच सकाळी मी नमुना घेतला. आमच्यात एक पद्धत आहे, आणि ती मी नवशिक्यांना कान पिळून शिकवली आहे: वाचणारा माणूस जागेवर बसलेला असतानाच शांततेचा नमुना घ्यायचा. माणूस खोलीत असला की खोली बदलते. त्याचे कपडे आवाज पितात, खुर्ची दबते, श्वास चालतो. रिकाम्या खोलीचा नमुना वाचनाला चपखल बसत नाही.

म्हणून मी तिला माइकसमोर बसवलं. "बाई, एक मिनिट अजिबात हलू नको. मी सांगेपर्यंत."

ती हात मांडीवर घेऊन बसली. वर्गात पोरांना बसवायची तशी. मी घड्याळाकडे पाहत होतो. मिनिट झालं, मी बटण दाबलं, आणि आकडा बघून मला इतका आनंद झाला, की तिला काही सांगायच्या आतच मी आकडा लिहायला वही उघडली. उणे अडुसष्ट. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

त्या दिवशी वीस वाक्यं वाचली. वीस हिरव्या खुणा. मी ती सगळी ऐकून पाहिली. तिचा आवाज घोगरा होता, पण तिचाच होता. शेवटच्या शब्दावर थोडं थांबायची सवय होती, पोरांनी उतरवून घ्यावं म्हणून, तीही होती. खोलीची खरखर नव्हती. मला रडू आलं, आणि मी ते पडद्याकडे तोंड करून उरकलं.

४

चौथ्या दिवशी ती चहा घेऊन आली आणि मी दचकलो. ती टेबलापाशी पोचली तरी मला पत्ता नव्हता.

"मांजरासारखी काय येतेस?"

"मांजरासारखी? चपला फटफट वाजवत आले मी. कानात बोळे घातलेत का?"

मी तिच्या चपलांकडे पाहिलं. जुन्याच होत्या, टाचेला सुटलेल्या, चालताना वाजणाऱ्या. मला वाटलं कामात होतो. माणूस कामात असला की ढोल वाजला तरी ऐकत नाही, हे मी इतरांबाबत शंभरदा म्हटलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. ती स्वयंपाकघरातून निघाली, मधलं दार ओलांडलं, माझ्यापर्यंत आली. फ्रिजचा आवाज होता. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली ती ऐकली. बाहेर कुणाची गाडी मागं येत टुंटुं करत होती. तिच्या पावलांचा आवाज नव्हता.

वहीत त्या दिवशीचा आकडा आहे उणे चौऱ्याहत्तर. खोलीत मी काही बदललं नव्हतं.

५

पुढं काय काय गेलं ते मी क्रमानं लिहून ठेवलं आहे, कारण लिहिलं की डोकं ठिकाणावर असल्यासारखं वाटतं. सातव्या दिवशी पेल्याचा आवाज, म्हणजे ती ठेवते तेव्हाचा. मी ठेवला तर वाजतो. आठव्या दिवशी तिचा खोकला. ती तोंडावर पदर धरून वाकायची, खांदे हलायचे, आणि मी बघत बसायचो. अकराव्या दिवशी नळ, तिनं सोडलेला.

आणि या सगळ्यात तिचा आवाज बारीक होत चालला होता. त्याचं मला नवल वाटलं नाही. आजारच तसा होता. डॉक्टर म्हणालेच होते, आवाज आणखी उतरेल. मी हेडफोन लावून बसायचो, तिच्या ओठांकडे आणि पडद्याकडे पाहायचो, हिरवी खूण आली की मान हलवायचो. वाचलेलं परत ऐकणं मी सोडून दिलं होतं. खरं सांगायचं तर ऐकवत नव्हतं. खूण हिरवी होती ना, मग बस.

आकडा उणे एक्क्याऐंशी झाला. असा होऊच शकत नाही. माइकची स्वतःची सळसळ असते. ती उणे पंचाहत्तरच्या आसपास. त्याच्या खाली आकडा जाणं म्हणजे माइकनं स्वतःलाच ऐकणं बंद करणं. मी वायर बदलली, माइक बदलला. उणे त्र्याऐंशी.

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी टूं टूं ऐकवलं. म्हणाले, या वयात असे कान मी पाहिले नाहीत, त्यांचा विमा उतरवून ठेवा.

परत येताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. हातात भाजीची पिशवी.

"बाई वाचतात ते ऐकू येतं हं आम्हाला भिंतीतून," त्या म्हणाल्या. "आजारी माणसाचा आवाज वाटत नाही. काय खणखणीत. आमचे हे टीव्ही बंद करून बसतात."

मी म्हणालो, "हो का."

"तुम्ही नशीबवान. समोर बसून ऐकता."

मी वर आलो. बायको दारातच उभी होती. तिचे ओठ हलले. चौतीस वर्षांनी बायको दारात काय विचारते ते कळायला कान लागत नाहीत. मी म्हटलं, "कान ठणठणीत आहेत. तुझंच ऐकत नाही, बाकी सगळं ऐकतो." तो आमचा जुना विनोद होता. ती हसली. हसण्याचा आवाज नव्हता.

तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. पण दहा दिवसांनी जिचा गळा कापणार तिला काय सांगू, की मला तू आत्ताच ऐकू येत नाहीस? मला भीती वाटली, आणि मी तिला काळजी असं नाव दिलं.

६

साडेतीनशेवं वाक्य दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी सकाळी झालं. तिनं कागद टेबलावर ठेवला, दोन्ही हात वर करून आळोखेपिळोखे दिले आणि मला काहीतरी म्हणाली. मी टाळी वाजवली. तिलाही तेच हवं होतं बहुतेक.

दुपारी ती झोपली. संध्याकाळी पाचला निघायचं होतं, मुलगी परस्पर दवाखान्यात येणार होती. मी संस्थेचं पान उघडलं तर उत्तर आलेलं होतं.

"आपल्या साडेतीनशे फायली मिळाल्या. शांततेची पातळी उत्कृष्ट आहे. मात्र एकाही फायलीत वाक्य वाचलेलं आढळलं नाही. कृपया पुन्हा रेकॉर्ड करून पाठवावे."

मी पहिली फाइल लावली. मी स्वतः ऐकली होती ती, जिच्यावर रडलो होतो ती. सपाट रेघ. दुसरी. शंभरावी. रेघेच्या आधी माझा आवाज होता, "बाई, पुढचं वाक्य", स्वच्छ. मग सहा सेकंद काही नाही. मग माझाच, "छान. पुढचं."

प्रत्येक वाक्याला मी छान म्हटलं होतं.

७

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नमुना. पहिल्या दिवशीच्या त्या एका मिनिटात ती बसली होती. मी प्रोग्रामला दाखवलं होतं, हे बघ, हे वजा कर. वजाबाकीनं असं घरात उतरून चपलांचा आवाज पुसून न्यावा हे शक्य नाही, हे मला कळत होतं. तरी हातानं नमुन्याची फाइल शोधली, ती पुसून टाकावी म्हणून.

ती एका मिनिटाची फाइल होती. समोर लांबी दिसत होती पाचशे पस्तीस तास.

मी हेडफोन लावले आणि मधेच कुठंतरी बोट ठेवलं. चपला वाजल्या. फटफट, मधल्या दारापाशी जराशा अडखळून, तिथं फरशी वर आली आहे. पेला टेबलावर ठेवला. "मांजरासारखी?" ती म्हणाली. "चपला फटफट वाजवत आले मी." माझा प्रश्न त्यात नव्हता. फक्त ती. मी पुढं सरकलो. खोकला. नळ. वाक्य क्रमांक दोनशे बारा, खणखणीत, शेवटच्या शब्दावर थांबत. काकू खरं सांगत होत्या.

मी तो तुकडा कापून वेगळा ठेवला. वेगळा केल्यावर तो रिकामा होता. मोबाइल हेडफोनला टेकवून रेकॉर्ड केलं. त्यात माझाच श्वास आला. ती होती ती फक्त त्या फाइलीतच होती.

साडेतीन वाजले होते. मुलीला फोन करून सांगितलं असतं, की तू लगेच ये, तुझ्या मोबाइलवर आईकडून जमतील तेवढी वाक्यं वाचून घे, तर अजून दीड तास हाताशी होता. मुलीला तिचा आवाज ऐकू येत होता. सगळ्यांना येत होता. पण मग तीन आठवडे मी काय करत होतो तेही सांगावं लागलं असतं. मी बोट फाइलच्या शेवटाकडे नेलं.

तिथं ती बोलत नव्हती. बसली होती. कसं कळलं विचारू नका, बसलेल्या माणसाची शांतता मी बावीस वर्षं ऐकतो आहे. खुर्ची किंचित दबलेली. श्वास.

"अहो," ती हेडफोनमध्ये म्हणाली. "पाय बधिर झाले. किती वेळ बसायचं?"

मी मान वळवली. बायको झोपून उठली होती, दारात उभी राहून केस बांधत होती. ओठांत पिन धरलेली. ओठ मिटलेले.

"सांगेपर्यंत हलू नको म्हणालात," आवाज म्हणाला, "म्हणून विचारते."

मी तिला कधी मोकळं केलंच नव्हतं. आकडा पाहून हरखून गेलो होतो. मी माइकचं बटण दाबलं. आता कळतं, की दाबायला नको होतं. पण पाय बधिर झालेल्या माणसाला आणखी बसवायचं कसं?

"झालं, बाई," मी म्हणालो. "ऊठ आता."

खुर्ची कुरकुरली. चपला पायात सरकल्याचा आवाज आला. मग ती चालू लागली. दारातल्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं, पिन केसात खोचली, आणि जागची हलली नाही. हेडफोनमध्ये पावलं जात होती. आमचं घर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकोणीस पावलांचं आहे. मी मोजायला लागलो. एकोणीसला ती थांबली नाही. चाळीसला फटफट बारीक झाली. सत्तराच्या पुढं कुठंतरी ती एकदा खोकली, फार लांबून, आणि मग मला मोजता आलं नाही.

लांबीच्या जागी एक मिनिट असं आलं. मी ते मिनिट लावलं. त्यात कुणी बसलेलं नव्हतं. आकड्याच्या जागी आकडा नव्हता.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्ट्रेचरवर घेतलं. कॉरिडॉरमध्ये चाकं वाजत होती, लिफ्टचं दार वाजलं, नर्सच्या खिशातल्या किल्ल्या वाजल्या. मुलगी एका बाजूनं चालत होती, मी दुसऱ्या बाजूनं. बायकोनं माझा हात धरला होता. तिचा हात गरम होता.

दाराशी नर्स म्हणाली, "बाई, बोलून घ्या काय बोलायचं ते. दोन मिनिटं देते."

तिनं आधी मुलीला काहीतरी सांगितलं. मुलगी हसली, डोळे पुसले, "नाही गं आई, घेईन मी काळजी," म्हणाली. मग बायकोनं तोंड माझ्याकडे वळवलं.

ती बराच वेळ बोलली. मी ओठ वाचायचा प्रयत्न केला. पण हे रोजचं नव्हतं, चहा नव्हता, औषध नव्हतं, असं ती माझ्याशी कधी बोललीच नव्हती, मग मी ओळखणार कशावरून? एकदा मुलीचं नाव होतं. एकदा ती हसली. नर्सनं दुसरीकडे पाहिलं, ऐकू नये ते ऐकल्यासारखं. मग शेवटी तिनं भुवया उचलल्या आणि थांबली. शेवटच्या शब्दावर, तिच्या सवयीनं.

काहीतरी विचारलं होतं. तिघीही माझ्याकडे पाहत होत्या.

मी म्हणालो, "हो."

बायको माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं हात सोडवून घेतला आणि चादरीवर ठेवला. नर्सनं घाईनं स्ट्रेचर आत लोटलं. दार मिटलं, त्याचा रबरी आवाज आला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आईनं काय विचारलं ते ऐकलंत ना तुम्ही?"

मी पुन्हा हो म्हणालो. ती जाऊन समोरच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसली. आत साडेपाच तास लागतील असं सांगितलं होतं.